साथीच्या दिवसांत मंगल कार्यालयात दिवाळी प्रदर्शन भरवताना

प्रश्न थोडक्यात असा: पुण्यातल्या एका महिला बचत गटाने कोजागिरीनंतरच्या शनिवार-रविवारी मंगल कार्यालयात दिवाळी प्रदर्शन ठरवलंय. हॉल ६० फूट बाय ४० फूट. स्टॉल ३०, त्यातले ६ खाण्याचे. रोज पाचएकशे लोक येतील असा अंदाज. प्रत्येकीने ३,००० रुपये भरलेत, हॉलची अनामतही गेली आहे. आणि आता परिसरात फ्लूचा ताप जोरात आहे, उलट्या-जुलाबाचे पेशंटही वाढलेत. टेम्परेचर गन आणि सॅनिटायझरचे कॅन आणून ठेवलेत. एवढं पुरेल, की रद्द करावं? हातात तीन आठवडे आहेत.

ताई, एवढं पुरणार नाही. पण लगेच रद्दही करू नका. तुम्ही आणलेल्या दोन्ही वस्तू दारात उभ्या राहणाऱ्या गिऱ्हाइकासाठी आहेत, आणि गिऱ्हाईक आत असतं फार तर पाऊण तास. खरा धोका स्टॉलवाल्या बाईला आहे. ती शनिवारी सकाळी आठला येते, रात्री नऊला जाते, रविवारी पुन्हा येते, शेकडो लोकांशी दोन फुटांवरून बोलते आणि दुपारी दहाजणींसोबत एका खोलीत डबा खाते. तिला ताप असला तर सगळ्यात जास्त लोकांपर्यंत तो तिच्याकडूनच पोचणार. म्हणून आखणी दारापासून नको, तिच्यापासून सुरू करा.

त्याआधी एक फरक पक्का करा. साथ कोणत्या वाटेने पसरते, त्यावर उपाय ठरतो. फ्लू आणि कोविड मुख्यतः हवेतून. उलट्या-जुलाब करणारे नोरोव्हायरस, कॉलरा आणि कॅम्पायलोबॅक्टर हे जंतू पाणी-अन्न-हात या वाटेने. डेंग्यू डासातून. जानेवारी २०२५ मध्ये पुण्यात सिंहगड रस्ता भागात गिया बारे सिंड्रोमचे (नसांवर परिणाम होऊन हातपाय दुबळे पडतात तो आजार) रुग्ण वाढले, तेव्हा रुग्णांच्या शौचाच्या नमुन्यांत कॅम्पायलोबॅक्टर जेजुनी आणि नोरोव्हायरस सापडले होते. तिथे मास्क लावून काही साधलं नसतं, पाणी बघावं लागलं. तुमच्याकडे दोन्ही वाटा चालू आहेत, म्हणून कामही दोन्हीकडे करावं लागेल. वॉर्डच्या आरोग्य कार्यालयात जाऊन सध्या नेमकं काय चालू आहे ते विचारा. महापालिकेने किंवा जिल्हाधिकाऱ्यांनी गर्दीवर बंदी घातली असेल तर पुढचं सगळं सोडून द्या, तो आदेश शेवटचा.

आधी पैशांचं

सगळ्या उपायांत सगळ्यात जास्त उपयोगी उपाय विकत आणायची वस्तू नाही, नियम आहे: आजारी बाईला घरी राहणं परवडलं पाहिजे. ३,००० रुपये भरलेत, २० किलो चकलीचं पीठ दळून आणलंय, आणि नियम आहे "पैसे परत मिळणार नाहीत". अशा वेळी अंगात १०१ ताप असला तरी ती पॅरासिटामॉल घेऊन येणारच. तिच्या जागी कोणीही हेच करेल. म्हणून आजच ग्रुपवर लिहून टाका: ताप, खोकला, उलटी किंवा जुलाब असेल तर शनिवारी सकाळी सातपर्यंत एक मेसेज करायचा, तीन चतुर्थांश पैसे परत मिळतील, डॉक्टरची चिठ्ठी मागणार नाही. चिठ्ठी मागितली की लोक लपवायला लागतात. आणि तिचा माल शेजारची स्टॉलवाली विकून देईल हेही आधीच ठरवा. प्रत्येक मालाच्या पिशवीवर किंमत चिकटवलेली, सोबत यादी आणि तिचा स्वतःचा क्यूआर कोड. एवढं तयार असेल तर घरी राहिलेल्या बाईचंही थोडंफार विकलं जातं.

परताव्यासाठी पैसे कुठून आणायचे? जमलेल्या ९०,००० तून ६,००० आजच बाजूला काढा. २,२५० च्या हिशेबाने दोघींचा परतावा त्यात बसतो, वर थोडे उरतात. तिसरी आजारी पडली तर गटाला पदरचे घालावे लागतील, पण आजारी माणूस हॉलमध्ये येण्यापेक्षा ते स्वस्त आहे.

माणसं किती मावतात

६० गुणिले ४० म्हणजे २,४०० चौरस फूट. एका स्टॉलला टेबल, मागे दोन खुर्च्या आणि खोकी धरून ३६ चौरस फूट लागतात. ३० स्टॉल म्हणजे १,०८०. दारं आणि येण्याजाण्याचे कोपरे यांचे १५० वजा करा, उरतात १,१७०. माणशी २५ चौरस फूट धरले तर एका वेळी ४७ गिऱ्हाइकं.

आता येणार किती ते पाहा. दिवसाला ५०० हा आकडा फसवा आहे, कारण ते दिवसभर सारखे येत नाहीत. दिवाळी प्रदर्शनाला साधारण दोन तृतीयांश गर्दी संध्याकाळी पाच ते आठमध्येच होते असं धरा. म्हणजे तीन तासांत ३३० लोक, तासाला ११०. प्रत्येकजण ४० मिनिटं थांबला तर एका वेळी आत ७३. जागा ४७ ची. इथेच सगळं बिघडतं. रांग दारात तुंबते, दारावरच्या मुलीला लोक ओरडतात, ती दार सोडून देते.

दोन बदल करा. पहिला, टेबलं ३० वरून २२ वर आणा, पण कोणाला काढू नका. दोन दिवसांत २२ टेबलं म्हणजे ४४ पाळ्या. १४ जणींना दोन्ही दिवस, १६ जणींना एकेक दिवस, हिशेब बरोबर बसतो. एका दिवसाचे २,००० घेतलेत तर एकूण ७४,००० होतात, म्हणजे ९०,००० पेक्षा १६,००० कमी. ही तूट स्टेज, साउंड सिस्टिम आणि सजावट काढून बरीचशी भरून निघते. त्या तिन्ही गोष्टी यंदा नकोच आहेत, कारण पुढे सांगतो. २२ टेबलांत ५८ गिऱ्हाइकं मावतात.

दुसरा बदल, वेळ ताणा. सकाळी ९ ला उघडा आणि ९ ते ११ ही वेळ ज्येष्ठ नागरिक, गरोदर बायका आणि मधुमेह-दम्याच्या लोकांसाठी म्हणून जाहीर करा. हॉल तेव्हा रिकामा असतो, हवा रात्रभराची स्वच्छ असते, आणि ज्यांना फ्लू जड जातो ती माणसं संध्याकाळच्या गर्दीतून आपोआप बाजूला होतात. संध्याकाळसाठी अर्ध्या-अर्ध्या तासाचे कुपन व्हॉट्सअ‍ॅपवर वाटा. फराळाच्या ऑर्डरी आधीच घेऊन ठेवा आणि त्यांची पाकिटं हॉलबाहेरच्या टेबलावरून द्या. ज्याला फक्त दोन किलो भाजणी न्यायची आहे त्याने आत यायची गरज नाही.

हवा

हे नीट वाचा, कारण ऑक्टोबरच्या उकाड्यात नेमकी इथेच चूक होते. कार्यालयाचा व्यवस्थापक खिडक्या लावून एसी सोडतो. आपल्याकडच्या हॉलमध्ये बहुतेक स्प्लिट एसी असतात, ते बाहेरची हवा आत घेत नाहीत. आतलीच हवा थंड करून पुन्हा तुमच्या तोंडावर सोडतात. जानेवारी २०२० मध्ये चीनमधल्या ग्वांगझू शहरातल्या एका रेस्टॉरंटमध्ये शेजारशेजारच्या तीन टेबलांवरच्या तीन कुटुंबांतले १० जण कोविडने आजारी पडले. तिथे खिडक्या नव्हत्या, एक्झॉस्ट बंद होते आणि एसीचा झोत त्या तीन टेबलांवरून फिरत होता.

तुमच्या हॉलची उंची १२ फूट धरली तर आतली हवा साधारण ८१५ घनमीटर होते. तासाला सहा वेळा ती बदलायची म्हणजे सुमारे ४,९०० घनमीटर हवा बाहेर ओढायला हवी. १८ इंची एक्झॉस्ट पंख्याच्या पाटीवर कंपनी आणि वेगानुसार ताशी चार-पाच हजारांच्या आसपास आकडा असतो, पण खिडकीत कसाबसा बसवलेला पंखा त्याच्या निम्मीच हवा ओढतो असं धरून चाला. म्हणजे दोन पंखे लागतील. मंडपवाल्याकडे भाड्याने मिळतात. दोन्ही एकाच भिंतीच्या खिडक्यांत, तोंड बाहेरच्या बाजूला, आणि पंख्याभोवतीची फट पुठ्ठ्याने बंद. ती फट राहिली तर पंखा बाहेर टाकलेलीच हवा परत आत ओढतो. समोरच्या भिंतीची दारं-खिडक्या सताड उघड्या, म्हणजे ताजी हवा तिकडून आत येऊन पूर्ण हॉल ओलांडून जाईल. छताचे पंखे फक्त हवा ढवळतात, बदलत नाहीत.

खात्री उदबत्तीने करा. शुक्रवारी मांडणी झाली की पंखे लावा, उदबत्ती पेटवून समोरच्या दारात धरा. धूर आत वळला पाहिजे. मग हॉलच्या चारही कोपऱ्यांत जा. जिथे धूर सरळ वर जाऊन रेंगाळतो तिथली हवा हलत नाही, तिथे टेबल लावू नका, खोकी ठेवा. ही तपासणी मांडणीनंतरच करायची, कारण फ्लेक्स आणि पडदे बांधले की हवेची वाट बदलते. प्रायोजकाचा फ्लेक्स नेमका मोठ्या खिडकीवर ताणला जातो, हे हमखास घडतं.

एसी हवाच असेल तर लावा, पण खिडक्या वीतभर उघड्या आणि एक्झॉस्ट चालू. बिल वाढेल. व्यवस्थापकाशी हे आत्ताच बोलून बुकिंगच्या कागदावर लिहून घ्या, नाहीतर दुपारी दोनला तो खिडक्या लावून जाईल. जनरेटर हवा आत येणाऱ्या बाजूला अजिबात नको. त्याच्या धुरात कार्बन मोनॉक्साइड असतो आणि तो जीव घेतो.

हवा पुरेशी बदलते का हे बघायला कार्बन डायऑक्साइड मोजायचा मीटर उसना मिळाला तर आणा. घेताना एनडीआयआर (इन्फ्रारेड किरणांनी मोजणारा) सेन्सर आहे का बघा, स्वस्तातले काही मीटर अंदाजे आकडे दाखवतात. उघड्यावर नेल्यावर ४२० ते ४५० पीपीएम (दहा लाख भागांत इतके भाग) दाखवला की मीटर ठीक. हॉलच्या मध्यावर, बसलेल्या माणसाच्या तोंडाच्या उंचीवर ठेवा, शेगडीपासून लांब. ८०० च्या आत असेल तर उत्तम. १,००० ओलांडला की दारावर प्रवेश थांबवा, आतली माणसं कमी होऊ द्या.

आता स्टेज आणि साउंडचं. मोठ्याने गाणी लावली की गिऱ्हाईक आणि विक्रेती दोघंही ओरडून बोलतात, आणि ओरडताना तोंडातून नेहमीच्या बोलण्यापेक्षा कितीतरी जास्त सूक्ष्म थेंब बाहेर पडतात. मार्च २०२० मध्ये अमेरिकेतल्या वॉशिंग्टन राज्यात एका गायनवृंदाच्या अडीच तासांच्या सरावाला ६१ जण होते, त्यातले ५३ आजारी पडले, दोघं दगावले. म्हणून उद्घाटन बाहेर अंगणात, पंधरा मिनिटांत, दोन भाषणं. लकी ड्रॉचा निकाल मोबाइलवर कळवा, त्यासाठी लोकांना थांबवून ठेवू नका.

मास्क सगळ्यांना सक्तीचा केला तर दारात भांडणं होतात आणि आत गेल्यावर तो हनुवटीवर येतो. स्टॉलवाल्यांनी मात्र संध्याकाळच्या तीन तासांत एन-९५ लावावा, नाकावरची पट्टी दाबून. कापडी मास्कचा भरवसा धरू नका. दारात मास्कचा खोका ठेवा, ज्याला हवा तो घेईल.

आणि ती डबा खायची खोली. बहुतेक कार्यालयांत वधूपक्षाची खोली म्हणजे दहा बाय बारा, खिडकी नाही, एक ट्यूबलाइट. तिथे दहाजणी मास्क काढून गप्पा मारत जेवतात. मोठ्या हॉलमध्ये केलेली सगळी मेहनत त्या अर्ध्या तासात वाया जाते. जेवण गच्चीवर किंवा मागच्या अंगणात, तिघी-तिघींच्या पाळीने.

टेम्परेचर गनला मी फार किंमत देत नाही. उन्हातून आलेल्याचं कपाळ तापलेलं असतं, गोळी घेतलेल्याचा ताप दिसत नाही, आणि फ्लूचा माणूस ताप यायच्या आदल्या दिवसापासूनच संसर्ग देतो. त्या मुलीला दारावर माणसं मोजायच्या कामाला लावा, ते जास्त मोलाचं आहे.

खाणं आणि पाणी

खाण्याचे सहाही स्टॉल हॉलबाहेर, मांडवाखाली. वरच्या हिशेबात ते आत धरले होते, म्हणजे हॉलमध्ये आणखी जागा मोकळी होईल. गॅसच्या शेगड्याही आपोआप बाहेर जातात. काय विकायचं हे गटाने ठरवा, स्टॉलवाल्यावर सोडू नका. तव्यावरून, कढईतून गरम उतरणारं चालेल: थालीपीठ, वडे, डोसे. पाणीपुरी, कापलेली फळं, मठ्ठा, उसाचा रस, बर्फ आणि ओली चटणी यंदा नाही. पोहे-खिचडी सकाळी करून दुपारपर्यंत कोमट ठेवली तर जंतू वाढायला तेच तापमान आवडतं. एक तर ६० अंशांच्या वर वाफाळती ठेवा, नाहीतर थोडी-थोडी करून दोन तासांत संपवा. ज्याला जुलाब किंवा उलटी झाली आहे त्याने पूर्ण थांबल्यावरही ४८ तास अन्नाला हात लावायचा नाही.

चव बघायला म्हणून चिवड्याची उघडी थाळी ठेवायची आपली पद्धत आहे. त्यात दिवसभरात दोनशे हात जातात. त्याऐवजी विक्रेतीने चिमट्याने कागदी वाटीत घालून द्यावं.

नोरोव्हायरस सॅनिटायझरला फारसा जुमानत नाही, साबण आणि वाहतं पाणीच लागतं. तोटीचा २० लिटरचा कॅन स्टुलावर, खाली बादली, बाजूला हॅन्डवॉश. एकदा हात धुवायला अर्धा लिटर धरला तर एका कॅनमध्ये ४० जण. म्हणून असे तीन लावा आणि भरायला एकीला नेमा. नुसते ठेवून दिलेत तर दुपारी रिकामे होतात आणि संध्याकाळपर्यंत रिकामेच राहतात.

प्यायला सीलबंद बाटल्या किंवा उकळून गार केलेलं पाणी. थंड पाण्याचा जार म्हणजे सीलबंद पाणी नव्हे, तो कुठे भरला ते आपल्याला माहीत नसतं. कार्यालयाच्या टाकीत टँकरचं पाणी येत असेल तर क्लोरीन तपासा. ओटी (ऑर्थोटोलिडीन) टेस्टचं छोटं किट मिळतं, किटवर सांगितलेले थेंब टाकल्यावर पाणी पिवळं झालं पाहिजे, अर्धा पीपीएमच्या खुणेपर्यंत. अजिबात पिवळं झालं नाही तर १,००० लिटरला अडीच ग्रॅम ताजी ब्लीचिंग पावडर: बादलीत कालवायची, चुना खाली बसू द्यायचा, वरचं पाणी टाकीत ओतायचं, अर्ध्या तासाने पुन्हा तपासायचं. उघड्या पोत्यातली जुनी पावडर वापरू नका, तिच्यातला क्लोरीन उडून गेलेला असतो.

कोणाला हॉलमध्ये उलटी झाली तर झाडू मारू नका. भोवतालची सहा फूट जागा मोकळी करा, वर जुनी वर्तमानपत्रं टाका, बाजारातलं ४-५ टक्क्यांचं ब्लीच १ भाग आणि पाणी ९ भाग ओता, १० मिनिटं थांबा, हातमोजे घालून बाहेरून आत गोळा करून पिशवीत बांधा. ब्लीचमध्ये टॉयलेट क्लीनरचं अ‍ॅसिड चुकूनही मिसळू नका, विषारी क्लोरीन वायू निघतो. हे सामान एका बादलीत आधीच भरून ठेवा.

डेंग्यूचं काम आठवडाभर आधीचं: कार्यालयामागचे पिंप, टायर, कुंड्यांच्या ताटल्या रिकाम्या करून घासून घ्या. त्या दिवशीच्या फवारणीने फक्त उडणारे डास मरतात, आणि बंद हॉलमध्ये तो धूर लोकांच्या छातीत जातो.

थांबायचं कधी

तीनदा ठरवा. दहा दिवस आधी, तीन दिवस आधी आणि शनिवारी सकाळी सातला. तीन दिवस आधी तुमच्या तीसपैकी चार किंवा जास्त जणी आजारी असतील तर हॉलमधलं प्रदर्शन रद्द करून फक्त ऑर्डर आणि बाहेरून वाटप ठेवा. चार हा आकडा कोणत्या नियमात नाही, माझ्या अंदाजाचा आहे. पण तुमचा जो काही आकडा असेल तो आज लिहून ठेवा. शुक्रवारी रात्री माल पॅक झाल्यावर कोणालाच थांबवायला जीव होत नाही.

फ्लूची लस लागू पडायला साधारण दोन आठवडे लागतात. साठीच्या पुढच्या, गरोदर, किंवा मधुमेह-दमा असलेल्या स्टॉलवाल्यांनी याच आठवड्यात आपल्या डॉक्टरांना विचारावं.

प्रदर्शनानंतर दहा दिवस ग्रुप चालू ठेवा. उलटी-जुलाब बारा तास ते दोन दिवसांत सुरू झाले तर नोरोव्हायरसचा संशय, दोन ते पाच दिवसांनी झाले तर कॅम्पायलोबॅक्टरचा. फ्लू एक ते चार दिवसांत दिसतो. खाण्याच्या प्रत्येक पदार्थाची वाटीभर झाकलेली वानगी तीन दिवस फ्रिजमध्ये राहू द्या. दोन-तीन जणींना एकसारखा त्रास झाला तर वॉर्डच्या आरोग्य कार्यालयाला त्याच दिवशी कळवा, १०४ वरही सल्ला मिळतो. जुलाबानंतर कोणाच्या पायातली ताकद गेल्यासारखी वाटली, जिना चढवेना, तर सकाळची वाट न बघता हॉस्पिटल गाठा. गाडी नसेल तर १०८. मेसेजमध्ये आजारी बाईचं नाव घालू नका. एवढंच लिहा: "शनिवारी संध्याकाळी हॉलमध्ये असलेल्या एकीला फ्लू निघाला आहे. बुधवारपर्यंत ताप-खोकल्याकडे लक्ष ठेवा, घरात म्हातारी माणसं असतील तर मास्क लावा."